अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर

कॉम्प्युटरवरच्या जवळजवळ प्रत्येक गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'व्ही-सिंक' नावाची एक ओळ असते. चालू किंवा बंद, एवढाच तिचा कारभार. मगाशी सेकंदाला ५८ फ्रेम दाखवणारा गेम ती चालू केल्याबरोबर ३० वर येऊ शकतो. मग खेळणारा ग्राफिक्स कार्डाला, ड्रायव्हरला आणि कार्ड गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला नावं ठेवतो. कार्डाचा यात काडीचा दोष नसतो. ५८ चे ३० का होतात ते मॉनिटरच्या बाजूने पाहिलं की कळतं.

मॉनिटर चित्र एका दमात उमटवत नाही. सगळ्यात वरची ओळ, तिच्याखालची, तिच्याखालची, असं करत तो तळाशी पोचतो आणि पुन्हा वरून सुरुवात करतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत तळातून वर न्यायला खरोखरच वेळ लागायचा, म्हणून सिग्नलमध्ये तेवढी उसंत ठेवलेली असे. आजच्या सपाट पडद्यात झोतही नाही आणि त्याला वर न्यायची गरजही नाही, पण उसंत टिकून आहे. ६० हर्ट्झच्या नेहमीच्या फुल एचडी सिग्नलमध्ये ११२५ ओळी असतात. त्यातल्या १०८० दिसतात, ४५ कोऱ्या जातात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात, आणि कोऱ्या ओळींच्या वाट्याला त्यातला जेमतेम दोन तृतीयांश मिलिसेकंद. व्ही-सिंकचं सगळं राज्य एवढ्याशा जागेत आहे.

या उसंतीवर एके काळी अख्खे गेम चालत. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये मेमरी होती १२८ बाइट. त्यात अख्खं चित्र साठवणं शक्यच नव्हतं. झोत ज्या ओळीवर आला असेल ती ओळ प्रोग्रॅमने त्याच क्षणी तयार करून द्यायची. जॉयस्टिक कुठे वळली, कोण कोणावर आदळलं, गुण किती झाले, हा बाकीचा हिशेब मुख्यतः वरच्या-खालच्या कोऱ्या ओळींत उरकायचा. पुढच्याच वर्षी जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. तोमोहिरो निशिकादो यांच्या या गेममध्ये ५५ परग्रहवासी एकदम चाल करून येतात. त्या सगळ्यांना एकाच वेळी हलवण्याची ताकद प्रोसेसरमध्ये नव्हती. म्हणून पडद्याच्या एका फेरीत एकच जण सरकतो. ५५ जिवंत असताना अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद जातो. गोळ्या घालून फौज निम्मी केलीत की तीच चाल दुप्पट वेगाने येते, आणि शेवटचा एकटा उरला की तो दर फेरीला धावतो. खेळणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा हा वाढता वेग प्रोसेसरच्या दुबळेपणातून आपसूक आला. निशिकादोंनी तो तसाच राहू दिला, यात त्यांची खरी नजर दिसते.

मेमरी स्वस्त झाली तशी पद्धत बदलली. आता ग्राफिक्स कार्ड दोन चित्रं बाळगतं. एक पडद्यावर चाललेलं, दुसरं मागे तयार होणारं. मागचं झालं की अदलाबदल. ही अदलाबदल पडदा अर्ध्यावर असताना झाली तर वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा दिसतो. गाडीच्या गेममध्ये वळण घेताना रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर नजर ठेवा. खांब मधोमध कापल्यासारखा दिसेल, वरचा तुकडा इकडे आणि खालचा दोन बोटं पलीकडे. पडदा फाटणं म्हणतात ते हेच. व्ही-सिंक सांगतं, अदलाबदल करायची ती फक्त कोऱ्या ओळींच्या वेळेत. फाटणं तिथेच थांबतं.

बदल्यात वाट पाहावी लागते. एखाद्या चित्राला १७.१७ मिलिसेकंद लागले, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाने संधी हुकली, की पुढची संधी थेट ३३.३३ ला. लग्नाच्या पंगतीसारखंच आहे हे: बसायची वेळ चुकली की उशीर दोन मिनिटांचा असो की वीस, दुसरी पंगत बसेपर्यंत ताटकळायचं. त्यातून कार्डही रिकामं बसतं, कारण एक चित्र पडद्यावर अडकलेलं आणि दुसरं तयार होऊन खोळंबलेलं. तिसरं काढायला जागाच नाही. प्रत्येक चित्राला तेवढाच वेळ लागत राहिला तर ५८ ची ऐपत असलेलं कार्ड ३० दाखवतं. ३३.३३ चीही वेळ चुकली तर २०, मग १५. अधलंमधलं काही नाही.

तिसऱ्या चित्राला जागा दिली की कार्ड थांबत नाही. फुल एचडीचं एक चित्र सुमारे ८३ लाख बाइटचं. आजच्या कार्डाला ते काहीच नाही. पण मग काही चित्रं पडद्याची एक फेरी टिकतात, काही दोन. सरासरी छान येते, डोळ्याला मात्र हालचाल अडखळताना जाणवते. माझ्या मते एकसारखे ३० हे अडखळत्या ४५ पेक्षा बरे. नेमबाजीच्या गेमचे लोक हा वादच घालत नाहीत. तयार चित्रं रांगेत थांबल्यामुळे माऊस दाबल्यावर गोळी उशिरा सुटताना दिसते, म्हणून काउंटर-स्ट्राइक खेळणारा मुरलेला गडी व्ही-सिंक आधी बंद करतो आणि फाटका पडदा आनंदाने चालवून घेतो.

३० आणि ६० यांच्या मधली पायरी १२० हर्ट्झच्या पडद्यांनी दिली. वेळेच्या हिशेबाने १६.६७ आणि ३३.३३ चा मध्य २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० चित्रं. ६० ला ४० ने भाग जात नाही, १२० ला जातो. प्रत्येक चित्र तीन फेऱ्या दाखवलं की झालं. प्लेस्टेशन ५ वरच्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'ने २०२१ मध्ये ही सोय दिली.

खरी उलथापालथ त्याआधीच झाली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं सर्किट बसवावं लागे. जानेवारी २०१४ मध्ये तिची प्रतिस्पर्धी एएमडीने असलं सर्किट न लावता साध्या लॅपटॉपवर तेच करून दाखवलं, आणि मे महिन्यात मॉनिटर जोडणाऱ्या डिस्प्लेपोर्टच्या मानकात त्याला जागा मिळाली. कल्पना सरळ आहे: कार्डाने पडद्यासाठी थांबण्याऐवजी पडद्याने कार्डासाठी थांबावं. थांबायचं कुठे, तर त्याच कोऱ्या ओळींत. चित्र तयार नसेल तर उसंत ताणायची, तयार झालं की लगेच वरून सुरुवात. १७.१७ ला तयार झालेलं चित्र १७.१७ लाच दिसतं आणि ५८ चे ५८ राहतात.

ताणण्याला हद्द आहे. चित्रं फार सावकाश येऊ लागली तर पडदा तेच चित्र दोनदा दाखवून निभावतो. वरच्या टोकाला मात्र इलाज नाही. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला कार्डाने १४४ च्या वर चित्रं द्यायला सुरुवात केली, की व्ही-सिंक चालू असेल तर जुनी रांग आणि तिचा उशीर परत येतो, बंद असेल तर पडदा फाटतो. म्हणून जाणकार अशा मॉनिटरवर गेमला १४० च्या आसपास मर्यादा घालतात आणि चार फ्रेमवर खुशाल पाणी सोडतात.