पुराच्या पाण्याखाली काय दडले आहे?

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा बळी गेला. सातारा-सांगलीच्या नदीकाठाने दर पावसाळ्यात ही आठवण जागी ठेवायला हवी.

महापुरात बोट नेहमीच्या घाटावर लागत नाही; ती शेतातून, गल्लीतून येते. खाली पायऱ्या, कुंपणाच्या तारा, मोटारीचे पाइप, झाडांच्या फांद्या असतात. गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत. बोटीत माणसे वाढली की ती खोल बसते, अडथळ्यात अडकते आणि कलंडते. म्हणून क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको. लाइफ जॅकेट चढण्यापूर्वीच बांधा, बसून राहा, सगळे एका बाजूला झुकू नका. बोट लावायची जागा गावाने उन्हाळ्यातच ठरवावी. तिथल्या तारा, खुंट काढून बाजूंना उंच बांबू रोवावेत.

तरीही कोणी बुडालेच, तर त्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. त्याला हवा असतो प्राणवायू. १०८ला फोन करायला सांगा. श्वास थांबला असेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे मदत येईपर्यंत करत राहा. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्याच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.