बर्फाची पडवी

दुपारचे दोन वाजलेत आणि बाहेर दिवेलागण झालीय. दहाच्या सुमाराला उगवलेला सूर्य एक वाजता मावळलासुद्धा. नोव्हेंबर संपत आलाय. उत्तर स्वीडनमधल्या युकासयार्वी गावात, ध्रुववृत्ताच्याही सुमारे २०० किलोमीटर वर, मी पेणच्या आमच्या घराची पडवी उभी करतोय. बर्फाची.

१९८९मध्ये सुरू झालेलं इथलं आइसहॉटेल दर हिवाळ्यात नव्याने बांधतात. जगभरातून आराखडे मागवतात, आणि ज्यांचे निवडले जातात त्यांच्या हाती एकेक खोली देतात. खोलीचं कवच आधीच तयार असतं. बर्फ आणि हिमाचं मिश्रण, इथल्या भाषेत 'स्नीस', धातूच्या कमानदार साच्यांवर फवारतात. ते घट्ट झालं की साचा ओढून काढतात. ते पाहताना मला घरीच असल्यासारखं वाटलं. गणपतीच्या साच्यांमध्येच माझं लहानपण गेलंय.

आत उणे सहा, बाहेर उणे बावीस. लोकरी मोज्यांवर रबरी हातमोजे चढवूनही बोटांची टोकं दुखतायत. फोर्कलिफ्टवर लादी येते. अशी एक लादी दोन टनांच्या आसपास भरते. मार्चमध्ये टॉर्ने नदीतून कापलेली, उन्हाळाभर शीतगोदामात जपलेली. मासळी बाजारातली लादी मध्ये पांढुरकी असते, ही काचेसारखी. वाहत्या नदीचं पाणी वरून सावकाश गोठत जातं आणि खालचा प्रवाह बुडबुडे साठू देत नाही. फोर्कलिफ्ट चालवणारी बाई पलीकडे उभी आहे. तिच्या जॅकेटच्या चेनचे दात मला लादीतून दिसतायत.

पडवीला चार खांब, प्रत्येकात तीन तुकडे. मध्ये पलंग; त्यावर गादी आणि रेनडिअरची कातडी येईल. परवा दुसरा खांब माझ्या हातून गेला. बाहेरून नुकत्याच आणलेल्या तुकड्यावर मी घाईने कोमट पाणी सोडलं. टच्‌ असा आवाज झाला आणि केसाएवढी चीर थेट गाभ्यापर्यंत गेली. रात्री बाबांना फोन केला. त्यांनी बर्फाचं काम कधी पाहिलेलं नाही. तरी म्हणाले, "ओल्या शाडूला सुका शाडू जोडलास तर काय होतं? तडकतोच ना? तसंच असेल ते. दोन्ही एकसारखे होऊ देत, मग जोड."

म्हणून आजचे तुकडे कालपासून आत आणून ठेवलेत. आता भिंतीचा आणि त्यांचा गारठा एक झालाय.

ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा इस्त्रीने तापवतो आणि खालच्या तुकड्याच्या माथ्यावर टेकवतो. चर्र होतं, पाण्याचा पातळ थर सुटतो, उंचवटे जातात. वरच्या तुकड्याचा तळही तसाच करून घेतो. मग तिघे मिळून तो अलगद खाली घेतो, दाबून धरतो. मिनिटभरात पकड बसते. विजेरी लावून बघतो. सांध्याची रेघ शोधावी लागते.

निघण्याआधी एका नातेवाइकाने विचारलं होतं, "एप्रिलमध्ये वितळणार, त्यासाठी एवढ्या लांब?" आमच्या कारखान्यात हा प्रश्न कधी निघालेला नाही. दीड दिवसाच्या गणपतीचीसुद्धा डोळ्यांची आखणी बाबा श्वास रोखून करतात. वस्तू किती दिवस राहणार, यावरून हाताने किती जपायचं ते ठरत नाही. हे मी त्यांच्याकडून शिकलो, एकही शब्द न ऐकता.

खिशातून त्यांचा पितळी ओळंबा काढतो. दोरा कोरडा ठेवावा लागतो, ओला झाला की काडीसारखा ताठ होतो. पेणला या घडीला साडेसहा झालेत. तिथेही दिवे लागले असतील, बाबा हात धुऊन पडवीत येऊन बसले असतील.

खांबाच्या माथ्याशी दोरा धरतो. ओळंबा झुलतो. उच्छ्वास लागला तर बर्फावर दव धरतं आणि ती पारदर्शक कड धुरकट होते. म्हणून मीही श्वास रोखतो. ओळंबा हळूहळू थांबतो. वर, मध्ये, खाली, दोऱ्याचं अंतर सारखंच.

खांब ओळंब्यात आहे. अजून दोन बाकी.