रणावाचूनचे वीरमरण
लढाईत शत्रू समोर असतो, मनाची तयारीही असते. सरावाच्या मैदानावर मरण येते ते अवचित. २८ मार्च २०१२ रोजी रशियाच्या अतिपूर्वेकडील बेलोगोर्स्क येथे एका नवशिक्या शिपायाने फेकलेला हातबाँब खंदकाच्या कडेवर आपटून माघारी आला. असा बाँब तीन-चार सेकंदांत फुटतो. मेजर सेर्गेई सोल्नेच्निकोव यांनी त्या पोराला बाजूस ढकलले व स्वतःचा देह बाँबवर झोकून दिला. वय अवघे ३१! चूक शिपायाची होती. परंतु तिचा जाब विचारण्याचा ज्याला अधिकार, त्यानेच तिची किंमत मोजावी, हे आम्हांस कोणत्याही पदकाहून थोर वाटते. रशियाने त्यांना मरणोत्तर ‘रशियाचा वीर’ हा सर्वोच्च किताब दिला. तो शिपाई व त्याचे सोबती वाचले.