परसातल्या माशीला यजमानाचं नाव

ब्रायन ब्राउन हे लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले कीटकशास्त्रज्ञ. या भल्यामोठ्या शहरातल्या कुठल्याही परसात विज्ञानाला ठाऊक नसलेला कीटक सापडेल, असं त्यांनी संग्रहालयाच्या एका विश्वस्तांना छातीठोकपणे सांगितलं. विश्वस्तांना ते काही पटेना. मग त्यांच्याच घरामागे सापळा लागला. त्यातली जी माशी ब्राउन यांनी सर्वांत आधी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तीच नव्या प्रजातीची निघाली.

यातूनच ‘बायोस्कॅन’ हा प्रकल्प उभा राहिला. शहरात ३० ठिकाणी, बहुतेक लोकांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, झिरझिरीत जाळीचे तंबू लागले. या सापळ्याची करामत साधी आहे. उडता उडता कीटक मधल्या पडद्याला धडकतो, सुटण्यासाठी उजेडाच्या दिशेनं वर वर चढतो आणि अगदी वरच्या टोकाला लावलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. यजमान कुटुंबानं एवढंच करायचं, की तंबू जागचा हलवायचा नाही.

बाटल्यांमध्ये भरणा होता तो फोरिड कुळातल्या माश्यांचा. या जेमतेम काही मिलिमीटरच्या, पाठीला पोक असलेल्या माश्या. उडण्यापेक्षा त्यांना तुरुतुरु पळणंच जास्त आवडतं. त्यांच्यातल्या काहींची कर्तबगारी अंगावर काटा आणणारी आहे. माशी मुंगीच्या अंगात अंडं घालते, अळी मुंगीच्या डोक्यात शिरून ते आतून फस्त करते आणि एक दिवस मुंगीचं डोकं गळून पडतं. एमिली हार्टॉप यांनी पहिल्या तीन महिन्यांतल्या १०,००० हून अधिक फोरिड माश्या तपासल्या. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या या माश्या ओळखायच्या त्या नराच्या जननेंद्रियांच्या ठेवणीवरून. हे काम डोळे शिणवणारं, पण २०१५ मध्ये एकट्या ‘मेगासेलिया’ या प्रजातिसमूहातल्या ३० नव्या प्रजाती जाहीर झाल्या आणि त्यांना सापळ्यांच्या यजमानांची नावं मिळाली. पुढच्याच वर्षी आणखी १२ प्रजातींची भर पडली.

संग्रहालयाला माणसांची गरज लागते ती इथे. या शहरातली बरीचशी जमीन खासगी आहे. शास्त्रज्ञ काही कुंपणावरून उड्या मारून लोकांच्या अंगणात शिरू शकत नाहीत.

त्यामुळे संग्रहालय आधी लोकांनाच आपल्या अंगणात बोलावतं. २०१३ मध्ये तिथे साडेतीन एकरांची निसर्गबाग खुली झाली. दर वर्षी कीटकांची जत्रा भरते. तिथे पोरंटोरं झुरळं हातावर घेऊन मिरवतात आणि तळलेले किडे चाखण्याची सोयही असते! गंमत म्हणून आलेलं कुटुंब घरी जातं ते फोटो काढायची सवय घेऊन.

त्या फोटोंतून काय निघतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ॲलिगेटर लिझर्ड हा तिथला सरडा. वसंतात नर मादीचं डोकं किंवा मान जबड्यात पकडतो आणि जोडी तासन् तास, कधी कधी दिवसभराहूनही अधिक काळ तशीच राहते. शास्त्रीय साहित्यात याच्या मोजक्याच नोंदी होत्या. संग्रहालयातले सरीसृपतज्ज्ञ ग्रेग पॉली यांनी लोकांकडे फोटो मागितले आणि अंगणांतून, पायवाटांवरून शेकडो नोंदी आल्या. सरड्यांचा विणीचा हंगाम कोणत्या साली कधी सुरू झाला, हे आता त्यावरून तपासता येतं.

या माहितीला एक खोटही आहे. जिथे बागा आणि रिकामा वेळ असलेली माणसं जास्त, तिथून नोंदीही जास्त येतात. कोपऱ्यावरच्या गरीब वस्तीत सरडे नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून कच्च्या आकड्यांवरून वस्त्यांची तुलना करणं धोक्याचंच.

२०१६ मध्ये याच संग्रहालयानं सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसबरोबर ‘सिटी नेचर चॅलेंज’ सुरू केलं. कोणतं शहर अधिक जीव टिपतं, अशी ती दोन शहरांतली चुरस होती. आठवड्याभरात सुमारे २०,००० नोंदी झाल्या. २०१८ पासून ही स्पर्धा जगभरची झाली आणि मुंबईकरही त्यात उतरले. तारखा मात्र एप्रिल अखेरच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बहराला साजेशा. आपल्याकडे तेव्हा उन्हाचा कडाका असतो आणि बरेचसे बेडूक पावसाची वाट पाहत दडून बसलेले असतात. त्यांचे फोटो हवे असतील, तर जूनमध्ये पुन्हा बाहेर पडावं लागतं. त्या नोंदी स्पर्धेत धरल्या जात नाहीत, पण निसर्गनोंदींच्या ‘आयनॅचरलिस्ट’ ॲपवर त्या वर्षभर टाकता येतात.