वाढदिवस एक जूनचा, फूल करडईचे

कोणत्याही गावच्या शाळेचे जुने रजिस्टर उघडून पाहा. पानामागून पान जन्मतारीख एकच, १ जून! पोर जूनमध्ये शाळेत यायचे, आईबापांना तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ मध्ये झाला, पण वाड्यावस्त्यांवर तो उतरायला बराच काळ गेला. मीही त्या एक जूनवाल्यांपैकीच.

मुलीने हट्ट धरला म्हणून एकदा आईला विचारले. ती म्हणाली, "ज्वारी हुरड्यात होती, करडई पिवळीधमक फुलली होती. संक्रांतीला घरात तुझं सोयर, म्हणून वाण द्यायला गेले नाही." सोयर दहा दिवसांचे. म्हणजे माझा जन्म जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला, ही गोष्ट पक्की झाली!

विलायतेत आणि अमेरिकेत महिन्यागणिक जन्मफूल मानतात. जानेवारीचे कार्नेशन, मार्चचे डॅफोडिल, जूनचा गुलाब, सप्टेंबरचे ॲस्टर, नोव्हेंबरची शेवंती. त्या फुलाचे चित्र काढून किंवा फूलच चिकटवून घरी शुभेच्छापत्र करायचे, अशी तिकडे हौस आहे. ऑक्टोबरला ते 'मेरीगोल्ड' म्हणतात, पण ते मूळचे कॅलेंडुला. आपला दसऱ्याचा झेंडू निराळा, तो मेक्सिकोकडून आलेला. ॲस्टर, शेवंती आपले शेतकरी बाजारासाठी पिकवतातच. पण बर्फातून डोके काढणाऱ्या फुलांची यादी आपल्या घरात कशाला? आपल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख आठवत नाही, फुलोरा आठवतो. तेव्हा भगिनींनो, आधी घरातल्या आजीला विचारा. पळस पेटला होता, तर फाल्गुनाच्या आगेमागे. तेरडा आणि गौरी, तर भाद्रपद. झेंडूची तोरणे, तर आश्विन. हरभरा फुलात, जवसाची निळी फुले, तर थंडी.

आता फूल वाळवण्याचे. कृषी महाविद्यालयात आम्हाला वनस्पतींचे नमुने दाबून वह्या कराव्या लागत. तीच रीत इथे चालते. सकाळचे दव उडाल्यावर कोरडे फूल तोडावे. ओले घेतले की बुरशी आलीच. वर्तमानपत्राच्या घडीत पाकळ्या पसरून ठेवाव्यात, वर पाट आणि पाटावर वरवंटा किंवा धान्याचे छोटे पोते. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावा, मग दोन दिवसांआड. एवढाच आळस बहुतेकांना नडतो आणि फूल काळे पडले की दोष फुलाला! दोन-तीन आठवड्यांत फूल कागदासारखे होते. पातळ पाकळीचे फूल सगळे दाबता येते. झेंडू-शेवंती जाड, त्यांच्या पाकळ्या सुट्या करून वाळवाव्यात आणि पत्रावर पुन्हा मांडाव्यात. करडईला काटे फार, म्हणून वरच्या केसरी पाकळ्या तेवढ्या कात्रीने काढाव्यात. या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवल्या की पिवळा रंग सुटतो, तो कागदाला द्यायला उपयोगी पडतो. पूर्वी कुसुंबी रंग याच पाकळ्यांपासून करीत.

पिकाची फुले घेताना हात आखडता ठेवा. तुरीचा बराच फुलोरा आपोआप गळतो, तो खालून वेचावा. दोडक्या-कारल्याचे नर फूल घ्यावे, म्हणजे ज्याच्या देठाशी इवले फळ नाही ते. परागीभवनापुरती मात्र वेलावर राहू द्यावीत. कण्हेर, धोतरा विषारी आहेत, मुलांच्या हाती देऊ नका. बांधावरच्या गाजर गवताची पांढरी फुले दिसायला नाजूक, पण त्यांनी अंगाला खाज सुटते, कातडी सुजते.

कागद विकत आणायची गरज नाही. घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतोच; जाड पत्रिकेची कोरी बाजू बाहेर येईल अशी घडी घालावी. मैद्याची पातळ खळ काडीने फुलाच्या पाठीला लावावी, फार लावली तर पाकळी गोळा होते. पत्र उन्हात टांगू नये, रंग उडतो.

आईची स्वतःची जन्मतारीख तिलाच ठाऊक नाही. तिची आई सांगायची, गौरी बसल्या त्या दिवशी झालीस. गेल्या भाद्रपदात मुलीने बांधावरचा तेरडा आणून वाळवला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. रसाळ फूल, कागद बदलता बदलता पुरेवाट झाली, चारांतली दोनच फुले हाती लागली. पत्र हातात घेऊन आई बराच वेळ बघत राहिली. "मला वाचता येत नाही, पण हे तर माझ्या माहेरच्या बांधावरचं," म्हणाली, आणि कुंकवाच्या करंड्याखाली ते जपून ठेवले. यंदा जानेवारीत माझ्यासाठी करडईचे पत्र आले, मुलीच्या हाताला काटे टोचलेले होते.