केडगावची ‘मुक्ती’

पाटसहून पुण्याकडे निघालं, की थोड्याच वेळात केडगाव येतं. लहानपणी आजी गाडीच्या खिडकीतून बोट दाखवायची, “ती बघ, रमाबाईंची मुक्ती!”

धर्मांतराच्या संशयावरून १८९३ साली पुण्यातल्या पालकांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून मुली काढून नेल्या. बाई खचल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्या शेतात राबल्या, मागावर बसल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. हिब्रू-ग्रीकवरून बाईंनी केलेलं मराठी बायबल मुक्तीतल्या बायकांनीच छापलं. १९२२ साली बाई गेल्या, काम उरलं.

धर्माचे वाद घालायला आपण सगळेच पुढे. पण गाडी केडगावला थांबली, की मला प्रश्न पडतो : त्यातली एक तरी मुलगी माझ्या आजोबांनी घरात घेतली असती का?