मेलेल्या माणसाची चौकशी

नानावटी खटल्याचा विषय निघाला की अजूनही कोणीतरी म्हणतेच, “मारले ते बरेच केले!” मराठीच्या मास्तराला आणखी एक गोष्ट खटकते. बोलताना लोक ‘नानावटींनी’ म्हणतात, पण ‘आहुजाने’ म्हणतात. ज्याच्यावर खुनाचा आरोप त्याला अहोजाहो, आणि ज्याचा जीव गेला त्याला अरेतुरे! बचावाच्या वकिलांचे खरे यश मला या एका प्रत्ययात दिसते.

हकीकत थोडक्यात अशी. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी ‘मैसूर’ युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हिया यांनी प्रेम आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. कमांडरांनी पत्नीला व मुलांना मेट्रो सिनेमाशी सोडले, नौकेवर जाऊन, रात्री मोटारीने अहमदनगरला जायचे आहे या सबबीवर रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, आणि आहुजांच्या कचेरीवरून त्यांचे घर गाठले. तेथे तीन गोळ्या झाडल्या गेल्या.

आता गंमत पाहा. कार्ल खंडालावाला यांनी सत्र न्यायालयात मांडलेला मुख्य बचाव अब्रूचा नव्हताच! झटापटीत गोळ्या सुटल्या, तो अपघात होता, असा तो होता. अब्रूखातर मारले म्हणावे, तर मारल्याची कबुली आली. मग कायदा फार तर गुन्हा सौम्य धरील, पण सोडणार नाही. म्हणून कागदावर अपघात आणि ज्यूरीच्या डोळ्यांपुढे अब्रू! आरोपी पांढऱ्याशुभ्र गणवेषात, छातीवर पदके लावून उभा. नौदलाच्या अधिकाऱ्याने गणवेष घालू नये असा काही नियम नाही. पण त्या पदकांचा झटापटीशी संबंध काय?

आहुजांची बाजू मांडायला आहुजा नव्हते. बंद खोलीत, “ज्या ज्या बाईशी संबंध आला तिच्याशी मी लग्न करू काय?” अशा अर्थाचे उर्मट उत्तर त्यांनी दिले म्हणतात. ते ऐकणारा एकच जिवंत साक्षीदार, आणि तो म्हणजे खुद्द आरोपी. साऱ्या मुंबईने ते उत्तर खरे धरले. बिचारा टॉवेल मात्र खोटे बोलू शकत नव्हता. नुकतेच स्नान करून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल मृतदेहावरही जागच्या जागी होता. झटापट झाली, तीन गोळ्या सुटल्या, आणि टॉवेल ढळला नाही!

बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली होती. फेरीवाले तर खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हरे’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकत होते.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. न्यायाधीश मेहता यांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. १९६० साली जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायमूर्तींनी घड्याळाकडे बोट दाखवले : दीड वाजता घर सोडले, चार वीसला गोळ्या झाडल्या. मधल्या जवळजवळ तीन तासांत राग आवरायला अवधी होता. अपघाताची कथाही त्यांनी मानली नाही. पुढे १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

२०१६ साली याच प्रकरणावरून सुचलेला ‘रुस्तम’ हा हिंदी चित्रपट आला. त्यातही नायक न्यायालयात पांढऱ्या गणवेषातच उभा आहे.